अण्णा म्हणजे कोण?

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत गेल्या चाळीस वर्षांत वाढलेलं एकही मूल असं सापडायचं नाही, ज्याचं बखोट माझ्या सासऱ्यांच्या मावसबहिणीने एकदा तरी धरलेलं नाही. त्यांना सगळी गल्ली अत्या म्हणते. जन्मभर त्यांनी सरकारी शाळेत दुपारच्या जेवणाची व्यवस्था पाहिली, म्हणजे तांदूळ मोजून घेणं, आयांकडून शिजवून घेणं आणि पोरांच्या ताटांत पडतं की नाही हे बघणं. निवृत्त झाल्या त्या फक्त कागदावर. अजूनही सकाळी दहानंतर रस्त्यात शाळकरी वयाचं पोर दिसलं, की अत्या हातातली पिशवी तिथेच ठेवून त्याच्या मागे धावतात. एकदा असाच एक मुलगा त्यांनी पकडून थेट शाळेच्या दारापर्यंत ओढत नेला. तो मदुरैहून देवळं बघायला आलेला पाहुणा निघाला. आईबाप मागून ओरडत येत होते. अत्यांनी माफी मागितली नाही. "सुट्टी आहे तर तसं चिठ्ठीत लिहून पोराच्या खिशात ठेवायचं," असं त्यांनाच सुनावून आल्या.

मी सोलापूरहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला या बाईंची आधी भीती वाटली, मग हसू आलं, आणि मग कधी लळा लागला ते कळलंच नाही. इथलं मराठी ऐकून मी चकित व्हायची. आमच्याकडे अभंगातच भेटणारे शब्द इथे काफी गाळताना कानावर पडत. "बेगी ये ग, काफी होणा का तुज?" असं अत्या विचारत, म्हणजे लवकर ये, कॉफी हवी का तुला. मी हसले की रागावत. "तुमचं सोलापूरचं मराठी नवं आहे. आमचं राजाच्या वेळचं," असं म्हणून नाक वर करत.

त्या देशस्थ, जन्मात अंडं चाखलेलं नाही, आणि सरकारने पोरांच्या जेवणात अंडं घातलं. दुसरी कुणी असती तर बदली मागून मोकळी झाली असती. अत्या मात्र अंडं कानाशी नेऊन हलवत, क्षणभर डोळे मिटत आणि "हे गेलं" किंवा "हे पोरांस द्या" असा निकाल देत. चूक एकदाही झाली नाही म्हणतात. संध्याकाळी घरी आल्या की त्यांच्या सासूने मागच्या दारी ठेवलेल्या वेगळ्या बादलीतून आंघोळ करूनच आत यायचं, असा नियम होता. थंडीतापातही तो मोडला नाही. पोरं त्यांना 'मुट्टै अम्मा' म्हणत, म्हणजे अंडेवाली आई. घरात या नावाचा उच्चार करायची सोय नव्हती, पण अत्यांना ते नाव मनातून आवडायचं. ताट वाजवत पोरं ओरडली, की त्या रागावल्यासारखं करून, पण 'कण्णा', म्हणजे सोन्या, म्हणत आणखी एक पळी वाढत.

लग्नकार्यात तर त्यांना बोलवावं की नाही, असा सगळ्यांना प्रश्न पडायचा. अक्षता हातात घेऊन त्या नवरीजवळ जात आणि तिच्या कानात विचारत, "तुज अठरा झालीं का? खरं सांग, भिऊ नक्को." एकदा ज्या नवरीला विचारलं ती एकोणतिशीची होती. ती इतकी खूश झाली की वराला सोडून अत्यांच्याच पाया पडली. पण एका लग्नात नवरी नुसती रडायला लागली. ते लग्न त्या दिवशी झालं नाही. त्यानंतर दोन वर्षं त्या घराने अत्यांशी संबंध तोडले होते. अत्यांना त्याचं काही वाटलं नाही. ती मुलगी आता कुठल्याशा दवाखान्यात परिचारिका आहे, हे मात्र त्या वरचेवर सांगतात.

सरकारी हुकूम त्यांना स्तोत्रासारखे पाठ होते. मुलांसाठी कोणती मदत आहे, कुणाला मिळते, कोणता दाखला जोडायचा, सगळं तोंडावर. खांद्यावरच्या कापडी पिशवीत कोरे अर्ज, डिंक, टाचण्या आणि शाईचा पॅड, अडाण्यांच्या अंगठ्यासाठी. कचेरीतले लोक त्यांना येताना पाहून चहाला निघून जात. अत्या चहाच्या टपरीवर जाऊन त्यांच्याच बाकावर बसत. "सरकार म्हणजे बहिरं म्हातारं माणूस ग," त्या मला म्हणायच्या, "ओरडून उपयोग नाही. कानाशी जाऊन हळू सांगायचं." आणि त्यांचा दुसरा हट्ट असा, की मुलाला काही पढवायचं नाही. अधिकाऱ्याने विचारलं तर मूल जे बोलेल तेच खरं. मुलाला मोठ्यांपासून दूर, एकटं बसवून विचारावं असा नियमच आहे आणि सरकारच्या सगळ्या नियमांत हाच एक शहाणा, असं त्यांचं मत होतं.

इथे मला माझी एक फजिती सांगायलाच हवी. आमच्या घरात वडिलांना अण्णा म्हणतात. माहेरीही तेच, सासरीही तेच. आजोबांना अप्पा. माझे वडील पहिल्यांदा तंजावूरला आले, तेव्हा मी शेजारच्या तमिळ बाईंना मोठ्या उत्साहाने माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, की माझे अण्णा आलेत. त्या भेटायला आल्या, माझ्या पांढऱ्या केसांच्या वडिलांकडे बघत राहिल्या आणि जाताना मला बाजूला घेऊन हळहळल्या, "तुझा भाऊ इतका कसा ग म्हातारा झाला?" तमिळमध्ये अण्णा म्हणजे मोठा भाऊ आणि अप्पा म्हणजे बाप. अत्या हे ऐकून तीन दिवस हसत होत्या. गल्लीत ज्याला त्याला त्यांनी ती गोष्ट सांगितली. म्हणजे हे त्यांना माहीत होतं. इतकं चांगलं माहीत होतं.

आमच्या मागच्या गल्लीत तुळजा नावाची दहा वर्षांची, आमच्यासारख्याच मराठी घरातली मुलगी राहायची. आई ती लहान असतानाच गेलेली. बाप विजेची कामं करायचा, तो एका दुपारी खांबावरून पडून गेला. राहिले तिरुवैयारूचे आजोबा, म्हणजे तिचे अप्पा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चार पोरांना गाणं शिकवून कशीबशी गुजराण. तेराव्यालाच चेन्नईची एक लांबची मावशी येऊन म्हणाली, मी नेते हिला, माझं तान्हं सांभाळेल, शाळेतही घालू. अत्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून आत गेली. त्या मला म्हणाल्या, "तान्हं सांभाळणाऱ्या पोरीस कोण शाळेत घालतो ग? मी बघितलीं आहेत अवघीं."

आईबाप नसलेलं मूल नातेवाइकांच्याच घरी राहून शिकावं म्हणून सरकार त्या घराला दरमहा मदत देतं. ती मिळाली तर तुळजा अप्पांजवळ राहून शिकेल, नाही मिळाली तर चेन्नई. इतका सरळ हिशेब होता. अत्यांनी स्वतःच्या सहीने अर्ज भरला, दाखले जोडले आणि चौकशीच्या दिवशी पोरीला वेणी घालून कचेरीत नेलं. मी बरोबर होते. आतली अधिकारी तरुण होती, गोड बोलणारी. तिने आम्हा दोघींना आत बसा म्हटलं. अत्याच म्हणाल्या, "नाही अम्मा. मुलीस एकटीला विचारायचं. नियम आहे." आम्ही बाहेर बाकावर बसलो. दहा मिनिटांत तुळजा हसत बाहेर आली. "अवघं खरं सांगितलं," म्हणाली. अत्यांनी पिशवीतून तिला चिक्की दिली.

दोन महिन्यांनी अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. अर्जदाराने वडील वारल्याची खोटी माहिती दिली आहे. मुलीच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे तिचा मोठा भाऊ वारला असून वडील तिरुवैयारूला संगीतशिक्षक आहेत. शाळेतल्या नोंदीतही तिच्या नावामागे आद्याक्षर त्यांचंच आहे. मुलीचं सांगणं ग्राह्य धरण्यात येत आहे.

इथे नावाला बापाचं आद्याक्षर लावतात. तुळजाला ते अप्पांचं पडलं होतं, कारण बाप कामावर म्हणून शाळेत नाव घालायला तेच गेले होते. अत्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं आता या पेटतील. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझी गोष्ट मी तीन दिवस हसत होतें." मी पाणी आणायला आत गेले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा त्या पोरीला पडला होता.

पुढचे पाच महिने अत्या तिरुवैयारूची बस आणि कचेरीचा बाक यांच्यामध्येच होत्या. ती गोड बोलणारी अधिकारी बदलून गेली होती. नव्या साहेबाला सगळं समजावून सांगितलं, की साहेब, आमच्या भाषेत अण्णा म्हणजे बाप. त्याने विचारलं, तुम्ही तंजावूरचेच ना, मग तुमची भाषा निराळी कशी? अत्यांनी त्याला राजापासून सुरुवात करून सांगितलं. साहेब चांगला होता, त्याने ऐकून घेतलं आणि नव्याने अर्ज करा म्हणाला. पण खोटी माहिती दिली हा शेरा काही त्याला खोडता येईना. जन्मभर एका दाण्याची खोटी नोंद न केलेल्या बाईच्या नावापुढे तो तसाच राहिला. मला तो अजून बोचतो.

तेवढ्यात अप्पा अंगणात पडले आणि मांडीचं हाड मोडलं. त्यांनाच कुणी सांभाळायचं, हा प्रश्न आला. अत्यांनी तुळजाला स्वतःकडे ठेवायचं काढलं. पण घर भाच्यांचं, वय पंचाहत्तर. कुणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही पुढे होऊन हो म्हटलं नाही. आमची जागा लहान आहे असं म्हणाले. ती तितकी लहान नाही. चेन्नईची मावशी आली आणि पोरीला घेऊन गेली. पावसाळ्यानंतर कचेरीतून पत्र आलं, की फेरचौकशी मंजूर आहे, मुलीला घेऊन हजर राहावं. पण तिला ठेवून घेणारं घरच आता इथे नव्हतं.

तुळजाला शाळेत घातलेलं नाही. पुढच्या वर्षी घालू म्हणतात. अत्या दर रविवारी फोन करतात. त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून फोन मी मोठ्या आवाजावर धरते. मागे तान्हं रडत असतं. एकदा तुळजाने विचारलं, "अत्या, मी काय चूक सांगितलें? मी खोटं सांगितलें का?"

"नाही ग कण्णा," अत्या म्हणाल्या. "तू अवघं बरोबर सांगितलीस."

तेव्हापासून अत्यांचं पोरांना पकडणं बदललं आहे. आता त्या नुसतं शाळेचं विचारून सोडत नाहीत. कधीही पढवायचं नाही म्हणणाऱ्या अत्या गल्लीतल्या प्रत्येक मराठी पोराला उभं करून घोकून घेतात. बाप म्हणजे कोण? अप्पा. आजोबा? ताता. अण्णा म्हणजे? भाऊ. चुकलं की पुन्हा. माझा सहा वर्षांचा मुलगा त्यांच्या तावडीत रोज सापडतो. तो बापाला अण्णाच म्हणतो आणि रोज चुकतो. मी एकदा वैतागून म्हटलं, अत्या, याला आईबाप आहेत, याची कोण चौकशी करणार? त्या म्हणाल्या, "तुळजासही होते."

परवा तो पायऱ्यांवरून पडला. गुडघा फुटून रक्त आलं. मी धावत बाहेर आले तर अत्या आधीच पोहोचल्या होत्या, त्याला उचलून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तो "अण्णा, अण्णा" म्हणून हुंदके देत होता. मला वाटलं, आता दुरुस्त करतील. त्यांनी पदराने त्याचा गुडघा दाबून धरला आणि त्याच्या कानाशी जाऊन हळू म्हणाल्या, "हो रे कण्णा. अण्णा येतो हां. बेगी येतो."