पठाराचा कौल

करंजोटीत आकारामतात्या म्हणजे उगवाईचा माणूस. गावात गुरवाचं घर नाही, म्हणून देवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घराकडे चालत आलेली. पहाटे अंघोळ करायची, ओलेत्यानं देवळात जायचं, दगडी मूर्तीला पाणी घालायचं आणि कुणाला काही विचारायचं असलं तर कौल लावायचा. म्हैस हरवली, सोयरीक आली, विहीर पाडायची ठरली, की माणूस आधी तात्याच्या दारात. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवायच्या, देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायची आणि हात जोडून उभं राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ग्रामपंचायत आली, कोर्टकचेऱ्या आल्या, मोबाइल आले, पण करंजोटीचं मोठं काम आजही या दोन कळ्यांशिवाय पुढे सरकत नाही.

तात्या तोंडाचा फटकळ. सरपंचाला सरपंच म्हणणार नाही, तलाठ्याला बसायला पाट देणार नाही. मंत्र्याच्या माणसानं एकदा दक्षिणा म्हणून मोठी नोट ठेवली, तर तात्या ओरडला, "उचला ती, देवी पुढाऱ्याचं खात न्हाय." असा माणूस. सहासष्ट वर्षांत त्याला खोटं बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. म्हणूनच तर त्याचं एकच खोटं अकरा वर्षं बिनबोभाट खपलं.

त्या खोट्याच्या मुळाशी शालू होती. शालू ही तात्याची थोरली लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं ती सातव्या महिन्यात करंजोटीला आली. तेव्हा गावाला रस्ता नव्हता. गगनबावड्याच्या बाजूचा हा मुलूख, आषाढ-श्रावणात चार हातांवरचा माणूस दिसत नाही. कळा सुरू झाल्या त्या अशाच पावसात. घोंगड्याची झोळी केली, बांबूला बांधली आणि चौघांनी खांद्यावर घेऊन डोंगर उतरायला सुरुवात केली. पुढच्या खांद्याला स्वतः तात्या. निम्म्या उतरणीवर झोळीतलं कण्हणं थांबलं. दवाखाना तिथून अजून दोन तास लांब होता. तात्या थांबला नाही. थांबलो तर ती मेली असं ठरेल, म्हणून तो खाली डांबरी रस्त्यापर्यंत चालतच राहिला.

त्यानंतर चार वर्षांनी पवनचक्क्यांची कंपनी आली.

गावाच्या डोक्यावर मोठं पठार आहे. नुसता कातळ आणि वारा. गवत येतं ते दिवाळीपर्यंत, मग तेही वाळतं. त्या पठारावर चक्क्या उभ्या करायच्या होत्या. कंपनीच्या साहेबानं देवळापुढे नकाशा पसरला आणि सांगितलं, धूर नाही, राख नाही, धरणासारखं कुणाचं घर बुडत नाही, वारा तर फुकटच वाया जातोय. आणि चक्कीची पाती एवढी लांब, की ती वर न्यायची तर आधी गावापर्यंत रुंद रस्ता करावाच लागेल. बाकीचं काय तो बोलला ते तात्याच्या कानात शिरलंच नाही. रस्ता, एवढंच शिरलं.

गावात दोन तट पडले. चरायचं रान जाईल, कातळात सुरुंग लावले तर पाण्याचं काय होईल, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं, देवीला विचारू. आणि त्या दिवशी तात्यानं डावी कळी पाण्यात चांगली मुरू दिली, उजवीला नुसतं ओलं बोट लावलं, म्हणजे तीच आधी सुटावी. गाभाऱ्यात अंधार, गावाकडे त्याची पाठ. चार श्वासांत उजवी कळी पडली. उगवाईच्या नावानं चांगभलं झालं आणि गावानं सह्या केल्या. तात्याला त्या वेळी पाप केल्यासारखं वाटलं नाही. शालूला चार वर्षं उशिरा का होईना, पण दवाखान्यात पोचवलं, असं वाटलं.

आणि रस्ता झाला की! ते नाकारून चालणार नाही. दूध डेअरीचा टेम्पो दारात यायला लागला. पोरं सायकलीवरून हायस्कुलात जाऊ लागली. चक्क्यांवर राखणदारी मिळाली म्हणून आठ-दहा तरुण गावात टिकले. तात्याच्या सुनेला, स्वप्नालीला, सातव्या महिन्यातच रक्तस्राव सुरू झाला, तर जीप पाऊण तासात दवाखान्यात. नात जगली. प्रियदर्शनी आज सात वर्षांची आहे, आईबापाबरोबर कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते आणि सुट्टीत आली की आजोबाच्या पाठीवर बसून पठारावरची पाती मोजते. ती पाठीवर असली की तात्याला आपण केलं ते बरोबरच होतं, असं वाटायचं. ती गेली की वाटेनासं व्हायचं.

कारण थोरला झरा गेला. पठाराच्या पोटातून बारमाही वाहणारं पाणी, साध्या पाइपनं आपोआप गावच्या टाकीत उतरायचं. चक्क्यांच्या पायासाठी सुरुंग लागले, रस्त्यासाठी डोंगराची कड कापली, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात धार करंगळीएवढी झाली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात झऱ्याच्या तोंडाला मुंगळे फिरायला लागले. कंपनीनं माणूस पाठवला. त्यानं खडक ठोकून पाहिला आणि पाऊस कमी पडल्यामुळे असं झालं असावं, म्हणून लिहून दिलं. गगनबावड्याच्या अंगाला पाऊस कमी! हे लिहिताना त्याच्या डोक्यावर छत्री होती.

आता होळीपासून जूनपर्यंत धाकट्या झऱ्याचा आधार. तो देवीच्या राईखाली, खोल घळीत. जायला यायला दीड तास, येताना उभी चढण. टँकर येतो, त्याच नव्या रस्त्यानं येतो, पण आठवड्यातून दोनदा, तोही आला तर. चक्क्यांची वीज तारांवरून शहराकडे जाते आणि करंजोटीतले दिवे पहिल्या वाऱ्याला जातात, ते पूर्वीसारखेच. पाण्यापायी म्हसरं विकली. बावीस दारांना कुलपं लागली. अमरसिंह, तात्याचा मुलगा, बायकोपोरीला घेऊन कोल्हापूरला गेला तोही पाण्यापायीच.

तात्याची बायको अंबूबाई मात्र जायला तयार नव्हती. एकसष्ट वर्षांची बाई, गुडघे सुजलेले, डोक्यावर दोन घागरींची उतरंड घेऊन दिवसातून तीन खेपा करायची. बरोबरच्या बायका कंपनीला शिव्या घालत, सरपंचाच्या नावानं बोटं मोडत. अंबूबाई त्यात पडत नसे. "देवीनं व्हय म्हटलंय," ती म्हणायची, "तिनं सांगितलंय तर तिच्या मनात कायतरी असंलच की. आपून आपलं चढायचं." आणि हे ऐकलं की तात्या कुठलं तरी काम काढून परड्यात निघून जायचा. सांगून टाकावं असं त्याला शंभरदा वाटलं. शंभरदा त्यानं मूग गिळले. भित्रा होता का? होता. फटकळ माणूस धीट असतोच असं नाही.

यंदा शिमग्यानंतर कंपनी पुन्हा आली. जुन्या चक्क्या ठेंगण्या ठरल्या होत्या. आता नव्या नऊ, दुप्पट उंचीच्या, आणि त्या राईच्या वरच्या कडेला, म्हणजे बरोबर धाकट्या झऱ्याच्या डोक्यावर. सरपंच आता विश्वजित, तात्याचा सख्खा पुतण्या. पोरगा वाईट नाही. त्याला गावात दवाखाना हवा होता, बारावीपर्यंत शाळा हवी होती, आणि कंपनी दोन्ही द्यायला तयार होती. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "खालनं नदीवरनं लाइन ओढू तात्या." कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी गाव देवळात जमलं. तात्यानं मनाशी ठरवूनच कळ्या खुडल्या होत्या. एकदा होकार पाडला, आता नकार पाडायचा. या खेपेला उजवी कळी चिंब, डावी जेमतेम ओली. देवीच्या तोंडाकडे न बघता त्यानं हात जोडले.

डावी पडली. टप्‌ असा आवाज न येताच पडली, पण सगळ्या गावाला ऐकू आल्यागत झालं. बायकांच्या बाजूला अंबूबाईनं कपाळ जमिनीला टेकलं.

"असं कसं?" विश्वजित पुढे आला. "अकरा वर्सांमागं देवीनं हे पठार दिलं न्हवं? आपल्या तोंडानं दिलं. आन् दिलेला शब्द देवी मागं घेती व्हय? तात्या, परत लावा. कायतरी चुकलंय."

"चुकल्यालं न्हाय."

"मग पयलं चुकलं हुतं का?"

प्रश्न चिडून विचारलेला होता, उत्तराची अपेक्षा नव्हती. पण माणसं माना डोलवायला लागली. बरोबर आहे, देवीनं एकदा दिलंय, तेच धरायचं. तात्याला कळलं, की आपलंच जुनं खोटं आपल्या वाटेत आडवं पडलंय आणि ते उचलल्याशिवाय झरा वाचत नाही.

"व्हय," तो म्हणाला. "पयलं चुकलं हुतं. देवीनं न्हाय दिलं. मी दिलं. उजवी कळी मी कोरडी लावलती."

ऐंशी वर्षांची बयाबाई, तात्याची चुलती, काठी टेकत उठली. "म्हंजी थोरल्या झऱ्याचं पाणी तू घालवलंस, आकाराम?"

"व्हय काकी."

"माझं घर मोडलं त्या पाण्यापायी. तिन्ही ल्योक गाव सोडून गेलं."

"व्हय."

त्याला वाटलं होतं, लोक मारतील, देवळाबाहेर काढतील. काढा, पण चक्क्या थांबवा. तेवढ्यासाठीच त्यानं तोंड उघडलं होतं. विश्वजित मात्र थंडपणे त्याच्याकडे बघत होता. पोरगा वकिलाच्या हाताखाली दोन वर्षं काढून आलेला.

"तात्या, एक सांगा. तवा तुमी हातानं पाडली. मग आज पडली ती तरी देवीनंच पाडली का?"

इथं हो म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. गावाला ते हो हवंही होतं. बयाबाई सुद्धा डोळे लावून बघत होती. पण देवीसमोर उभा राहून पुन्हा खोटं बोलायची ताकद तात्याच्यात राहिली नव्हती. त्यानं मान खाली घातली आणि गावानं जे समजायचं ते समजून घेतलं.

पुढचं सगळं अर्ध्या तासात उरकलं. दोन्ही कौल रद्द. यापुढे ग्रामसभेचा ठराव तोच कौल. ज्यांनी कालपर्यंत झऱ्यासाठी जीव टाकला होता त्यांनीही नव्या चक्क्यांच्या कागदावर सह्या केल्या. देवीच बोलत नव्हती तर कुणाच्या जोरावर अडवायचं, असं एकानं म्हणूनही दाखवलं. देवळाच्या किल्ल्या विश्वजितनं स्वतः मागून घेतल्या. घेताना त्यानं त्या दोनदा मोजल्या आणि तात्याला त्याची कीव आली. खरं सांगून माणूस हलका होतो म्हणतात. तात्याला तसं काही झालं नाही. अकरा वर्षांपूर्वी खोटं बोलून त्यानं एक झरा घालवला होता आणि आज खरं बोलून दुसरा.

तो घरी आला तेव्हा अंबूबाई उंबऱ्यात बसली होती. घागरी चुलीशेजारी पालथ्या. दुपारच्या खेपेची वेळ टळून गेली होती, आणि इतक्या वर्षांत ती कधी टळली नव्हती.

तात्या समोर जमिनीवरच बसला. "शालूसाठी केलं गं," तो म्हणाला.

"त्ये कळतंय मला." तिचा आवाज चढलेला नव्हता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्येच्यासाठी मी तुमास्नी कायबी म्हनत न्हाय. माझीबी लेक हुती ती. मला कुनी तवा कळ्या दिल्या असत्या, तर मीबी तसंच लावलं असतं."

तात्याचे डोळे भरून आले. आता तिचा हात हातात घ्यावा, असं त्याच्या मनात आलं. पण ती पुढे बोलत होती.

"पर इतकी वर्सं ती चढन मी कशाच्या बळावर चढले? पाय उचलत न्हवता तवा म्हनायची, देवीनं सांगितलंय. अमर पोरीला घिऊन गेला तवा म्हनायची, देवीनं सांगितलंय. तुमी हितंच बसून ऐकत हुता. ऐकत हुता का न्हाय?"

"हुतो."

"मग आता मला सांगा," ती म्हणाली, "उद्यापास्नं मी कुनाच्या नावानं सोसू?"

उभ्या जन्मात गावानं विचारलेल्या शेकडो प्रश्नांना आकारामतात्यानं उत्तर आणून दिलं होतं. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं, आणि ते जिला जाऊन विचारावं, अशीही आता कुणी राहिली नव्हती.