मोजणी लावली कुणी?

हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगतो. जाऊ द्या, तुमचा काही भरवसा नाही. तरी सांगतो!

मी निवृत्त मुख्याध्यापक. "प्रश्न नीट वाचा रे," हे वाक्य जवळा बाजार गावच्या दोन पिढ्यांच्या कानात मी ओतलंय. आणि मे महिन्यात दारात जमीन मोजणीची नोटीस आली, ती मी कशी वाचली? उभ्या उभ्या, मधूनच! 'सोपानराव... यांनी हद्दीच्या मोजणीस हजर राहावे.' बस्स, माझं डोकंच फिरलं.

सोपानराव म्हणजे शेजारी. वीस वर्षांचा घरोबा. मधे कुंपण म्हणाल तर मेंदीची चार झुडपं. उन्हाळ्यात आमची विहीर आटली, की त्यांच्या बोअरची नळी त्या मेंदीतून आमच्या हौदात यायची. आणि हा माणूस माझ्यावर मोजणी लावतो?

तरातरा गेलो. "सोपानराव, मोजणीची नोटीस आलीय!"

"व्हय, मलाबी आली. व्हऊ द्या ना गुरुजी, मपलं काय जातंय? पण येवढ्यासाठी कागद काहून? तोंडानं बोललं असतं तरी भागलं असतं."

बघा निर्लज्जपणा! "मग बोलायचं होतं की!" मी ओरडलो.

"तुमचं पाणीही नको मला!" म्हणून मी नळी उपसली आणि त्यांच्या अंगणात भिरकावली.

"ऐन मे महिन्यात?" बायको म्हणाली. "आता धुणं काय तुमच्या रागानं धुऊ व्हय?"

चार दिवस हापशावरून घागरी वाहिल्या. कंबर गेली, ताठा गेला नाही. आठवडी बाजार, सलून, बँकेची रांग, जिथं उभा राहिलो तिथं सोपानरावांची बदनामी केली. खरं सांगू? संध्याकाळी त्यांच्या ओट्यावरचा चहा फार आठवायचा. पण सांगणार कुणाला?

मोजणीवाले साहेब आले तेव्हा निम्मी गल्ली जमली होती. मी सगळ्यांत पुढं. "साहेब, आधी त्या अर्जदाराला विचारा, वीस वर्षांच्या शेजाऱ्यावर मोजणी लावताना लाज कशी वाटली नाही?"

साहेबांनी कागद बघितला. मग मला बघितलं. "सर, अर्जदार तुम्हीच आहात."

संक्रांतीच्या सुमारास मला पक्की भिंत बांधायची लहर आली होती. अर्ज मीच दिला होता! लहर ओसरली, अर्ज विसरलो. नोटिशीत माझं नाव पहिल्याच ओळीत होतं. सोपानराव खाली होते, लगतचे शेजारी म्हणून.

गल्ली नुसती लोळायची बाकी होती. सोपानराव तेवढे हसले नाहीत.

"चुकलो हो," मी म्हणालो. "पहिली ओळ मी वाचलीच नाही."

ते आत गेले, नळी घेऊन आले आणि मेंदीतून आमच्या बाजूला सरकवू लागले.

साहेबांनी पेन पुढं केलं. "अर्जदार, वाचून सही करा."

झुडपाआडून सोपानराव ओरडले, "साहेब, तुमीच वाचून दाखवा! आमच्या गुरुजीला पयली ओळ दिसत न्हाई!"