सायन्सच्या बाई आणि माझा कांदा

काहीही सांगा, बाई विचारायच्या, "कशावरून?" एकदा म्हटलं, "बाई, चहा गार होतोय." तरी तेच, "कशावरून, मामा?" मी कप उचलला आणि समोर उभं राहून पिऊन टाकला. घ्या आता!

मी नाशिकच्या एका कॉलेजात शिपाई होतो. शिक्षण चौथी, पण घंटा माझ्या हातात, प्राचार्यही माझ्या घंटेवर जेवायचे. बाई आर्ट्सच्या पोरांना जनरल सायन्स शिकवायच्या. तासापुरत्या नेमलेल्या. पोरं मात्र तास बुडवून सिन्नरची एसटी गाठायची. शेवटी प्राचार्य म्हणाले, "शनिवारी मी येऊन बसतो. बाकं अशीच रिकामी दिसली तर विषय बंद." विषय बंद म्हणजे बाई घरी.

त्याच दुपारी बाई उन्हात निघालेल्या. मी खिशातला कांदा काढून दिला. "ठेवा, ऊन लागत नाही."

"कशावरून?"

"आख्खं निफाड ठेवतं!"

"मग शनिवारी बघू या करून."

मामा आणि बाईंची कुस्ती आहे म्हटल्यावर वर्ग गच्च भरला. सोळा पोरं मैदानात भर उन्हात उभी केली. आठांच्या खिशात कांदा, आठांच्या खिशात बटाटा. नंतर कोरोनात आणलेलं, कपाळावर धरून ताप मोजायचं यंत्र लावलं. एक बटाटेवाला म्हणाला, "मॅडम, मला तर लय गार वाटतंय!"

पण वर्गात येऊन फळ्यावर मांडले, तर आकडे निघाले माझ्या बाजूनं. कांदेवाल्यांची कपाळं खरंच थंड. टाळ्या पडल्या. मागं बसलेले सायन्सचे जुने सर मात्र तोंडावर रुमाल धरून हसत होते. प्राचार्यांनी विचारलं, "मॅडम, हेच शिकवता का?" बाई फळ्यावरचे आकडे परत परत बघत होत्या. चेहरा पार उतरला होता.

कारण मला ठाऊक होतं. यंत्र लावायच्या आधी कांदेवाल्यांना माठापाशी नेऊन मीच तोंडं धुवायला लावली होती. हरायची सवय नाही मला. पण माझ्यापायी बाईंचा विषय जाणार, हे काही बघवेना. उठलो. "कांदेवाल्यांची तोंडं मी आधीच धुवून घेतली," म्हटलं.

वर्ग हसून लोळला. बाई रागावल्या नाहीत. खडू उचलला. "सांगा, पुढच्या वेळी मामांना कसं आवरायचं?"

"कोंडून ठेवा!"

"नको, कांदा कुणाकडे आहे ते मामांना कळूच द्यायचं नाही."

"वासानं कळंल ना!"

"मग बटाट्याला कांदा चोळा!"

अशी जुंपली की प्राचार्य स्वतःच बाकावरून वाद घालायला लागले. विषय राहिला, बाईही राहिल्या. मी हरलो वगैरे काही नाही. प्रयोग नासला, एवढंच.

दोन वर्षांनी बाईंना दुसऱ्या गावी कायमची नोकरी लागली. त्यांची बॅग मीच रिक्षात ठेवली. जरा आदळलीच, तर म्हणाल्या, "मामा, रागावलात?"

"रागावणार नाही तर काय?" म्हटलं. "आता माझ्याशी भांडायला इथं आहे कोण?"