‘कपाट’ नावाच्या जोडीतली मधुरा

मधुरा गेल्याचा मेसेज तिच्या नवऱ्याकडून, निखिलकडून आला, तरी मी आधी नंबर पडताळून पाहिला. कोणीतरी फसवतंय असंच वाटलं. माझा स्वभावच तसा; दुधाच्या पिशवीवरची तारीखही मी दोनदा वाचते. पण खोटं नव्हतं. मेंदूत रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांत ती गेली... चाळिशीही गाठली नव्हती.

जपानमधल्या ग्योतोकुला आम्ही एकाच इमारतीत राहायचो, दोघीही नवऱ्यांच्या नोकरीपायी आलेल्या. जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात ती अर्धवेळ काम करायची, तिथं तिला केइको-सान ही जपानी बाई भेटली. हिचा गळा आणि तिचं कॉम्प्युटरवरचं संगीत, अशी जोडी जमली. भिंती पातळ, शेजारी तक्रार करतील, म्हणून मधुरा गाद्या ठेवायच्या कपाटात शिरून, डोक्यावर रजई घेऊन गायची. जोडीचं नावही ‘कपाट’! गणपतीत इथल्या मराठी मंडळींनी त्यावरून तिला काय कमी छळलं? आणि मग एक दिवस ‘कपाट’चं गाणं अमेरिकेतल्या डान्सच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या दहात जाऊन बसलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी विचारलं, “यादी खरी आहे ना गं?” मधुरा हसली. “तू देवाकडेसुद्धा ओळखपत्र मागशील.”

मला खटकायची ती केइको-सान. फोटोत पुढे ती, मुलाखती तिच्याच. मधुरा म्हणायची, “मला बोलायची लाज वाटते, बोलू दे तिला.” मला ते पटत नव्हतं. त्यावरून आमचं जोरात वाजलं, बोलणं बंद झालं आणि ते पुन्हा सुरू व्हायच्या आतच ती गेली. हे मला अजून सहन होत नाही.

पाच आठवड्यांनी ‘कपाट’चं नवं गाणं आलं, मधुराच्या आवाजात. गेलेल्या माणसाचा आवाज आता यंत्रातून काढता येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझं डोकंच फिरलं. निखिलला फोन केला. तो म्हणाला, “मला ऐकवत नाही हो, वहिनी... तुम्हीच बघा.” मी सायकल काढली आणि पूल ओलांडून थेट एदोगावाला केइको-सानचं घर गाठलं.

“हा आवाज तिचाच कशावरून?” दारातच मी मोडक्या जपानीत विचारलं.

तिनं मला आत बसवलं, चहा दिला आणि हेडफोन पुढे केला. मूळ रेकॉर्डिंग होतं. रजईची सळसळ, मधुराचं खाकरणं, चुकलेली ओळ, पुन्हा घेतलेली ओळ. मध्येच कपाटाचं दार सरकलं आणि एक बाई मराठीत खेकसली, “ही बया तुला गुंडाळणार आहे, लिहून ठेव!”

ती मी होते.

“तुमचा आवाज मी गाण्यातून काढून टाकला नाही,” केइको-सान म्हणाली. “बारीक करून तालात ठेवलाय, शेवटपर्यंत वाजतो.” म्हणजे तिकडे अमेरिकेत माणसं माझ्या संशयावर नाचत होती. मला मान वर करवेना. तेवढ्यात तिनं विचारलं, “इथं तुम्ही काय म्हणालात?”

“स्वतःला जप, असं म्हणाले,” मी सांगितलं.

“हो. मधुरा-साननंही मला हेच सांगितलं होतं.”

मधुरानं माझी अब्रू राखली होती, मला न सांगता. मी तिथंच ढसाढसा रडले. आता कामावर जाताना गाडीत ते गाणं रोज ऐकते. माहीत असताना केइको-साननं मला पुन्हा का विचारलं, हा संशय मात्र फिटत नाही... आणि मधुराला विचारायची सोय उरलेली नाही.