बाही जरा वर करा

गारखेड्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी सिस्टर आहे. बीपी मोजायचं टेबल नऊ वर्षं माझ्याकडंच. तिथं किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस बाही वर करतो आणि आपसूक बोलायला लागतो. घरी गेले की नवरा चहा ठेवता ठेवता विचारतो, "आज कोण?"

*

बबनराव तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे. दंड माझ्या मांडीएवढा. बीपी कायम एकशे साठच्या पुढं, म्हणून दोन वर्षं गोळी आणि अळणी जेवण. मग आमच्याकडं मोठा पट्टा आला. डॉक्टर मॅडमनी तो बांधून मोजलं, तर आकडा एकदम खाली. आठवडाभर रोज मोजलं, गोळी थांबवून परत मोजलं, तरी ठीकच. जाड दंडाला लहान पट्टा आवळला की आकडा उगाच चढतो, असं मॅडमनी समजावलं आणि माफीही मागितली.

बबनराव शांतपणे म्हणाले, "ते झालं. पण दोन वर्षांचं मीठ कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी मी घरून लोणचं नेलं.

*

सलीमभाई रिक्षा चालवतात. सवारी बाहेर उभी करून घाईनं आत आले. आकडा दीडशेच्या वर. त्यांचं तोंडच उतरलं, कारण वडील याच दुखण्यानं गेले होते. मॅडमनी एवढंच विचारलं, लघवीला कधी गेला होता? सकाळपासून नाही. जाऊन आले, थोडं टेकले, पुन्हा मोजलं तर एकशे तीस.

"इत्ता सस्ता इलाज हमने कब्बी देखा नै," म्हणत सलीमभाई सवारीकडं पळाले.

*

पुंडलिकनगरच्या शोभाताई शिवणकाम करतात. ब्लाउजची बाही इतकी घट्ट की वर सरकेना, आणि कपड्यावरून मोजायचं नाही हा मॅडमचा नियम. शोभाताईंनी माझी कात्री घेतली, पडद्यामागं गेल्या आणि बाहीची शिवण सरळ उसवून आल्या.

पुढच्या महिन्यात बघते तर डाव्या बाहीला खालून वरपर्यंत हुक! आता माझ्या रांगेत तसले सहा ब्लाउज आहेत. माप द्यायला आलेल्या बायकांना त्या विचारतात म्हणे, "साधा शिवू का बीपीचा?"

*

भानुदासकाका आणि दगडूकाका हे सख्खे भाऊ, मूळचे वैजापूरकडचे. दोघंही आज ठणठणीत आहेत, म्हणून सांगते. गावाकडच्या विहिरीवरून त्यांचं बिनसलं होतं. इथं घरं एकाच गल्लीत, पण एकमेकांकडं बघतही नसत.

एकदा नेमके दोघं एकाच वेळी आले. बाकावर दोनच जागा रिकाम्या. बसले, एक दाराकडं तोंड करून, एक खिडकीकडं. सगळ्यांना सांगते तसं मी त्यांनाही सांगितलं, मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसा, बोलू नका.

थोरले भानुदासकाका म्हणाले, "आम्ही अकरा वर्षं नाय बोललो, बाई."

त्यांचं बीपी ठीक निघालं. दगडूकाकांचं मात्र दोनशेच्या वर. परत मोजलं, तेवढंच. सकाळपासून डोकं लई दुखतंय, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. मॅडमनी लगेच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली आणि सोबत कोण आहे ते विचारलं. दगडूकाकांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

भानुदासकाका उठले. चिठ्ठी भावाच्या हातातून काढून आपल्या खिशात ठेवली. त्याला धरून उभं केलं. दारापर्यंत गेले आणि माझ्याकडं वळून म्हणाले,

"बाई, आता बोललं तर चालतंय ना?"