ज्वालामुखीचा हललेला फोटो

माझ्या जिभेला हाड नाही हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी कळायला थोडा वेळ लागला. लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या मराठी मंडळाला ते मागच्या हिवाळ्यात कळलं, आणि तेव्हापासून मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडतानाही मला लाज वाटते.

माझ्या नवऱ्याला छोट्या आगगाड्यांचं वेड आहे. ते मूळचे कुर्डुवाडीचे. तिथून बार्शीकडे जाणारी नॅरो गेजची गाडी त्यांनी लहानपणी रोज पाहिली, पण घरात कॅमेरा नव्हता. पुढे तो मार्ग ब्रॉड गेज झाला, छोटी गाडी गेली, आणि यांच्याजवळ तिचा एकही फोटो नाही. त्याची भरपाई ते आयुष्यभर करताहेत. इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर म्हणून नोकरी, आणि सुट्टी मिळाली की वेल्स. वेल्समधल्या बहुतेक छोट्या गाड्यांत मी बसले आहे आणि त्यांच्या कडेला पावसात, हातात थालीपिठाचा डबा धरून, तासन्‌तास उभीही राहिले आहे. मी कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला होते, तिथल्या माझ्या मैत्रिणी सुट्टीत स्पेनला जायच्या.

रिटायर झाल्यानंतरच्या वर्षी यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा, जपाची माळ ओढल्यासारखा. मग सगळा पंजा. न्यूरॉलॉजिस्टने आजाराचं नाव सांगितलं, पण यांनी ते आधीच ओळखलं होतं. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले, "मंडळात कुणाला सांगू नकोस. मी सांगेन, पण माझ्या वेळेला."

"अहो, लपवायचं काय त्यात? आजारच आहे ना?"

"अगं, तिथल्या निम्म्या लोकांना मी भूल दिली आहे. कुणाच्या बायकोच्या पाठीत सुई घातली आहे. उद्या कळलं की ते मागे जाऊन विचार करत बसणार, तेव्हाही हलत होता का याचा हात?"

तेव्हा हलत नव्हता. मंडळात 'डॉक्टरांचा हात' हा कौतुकाचा विषय होता. ज्या शिरा कुणाला सापडत नसत त्या यांना सापडत. आयुष्यभर कमावलेली चीज म्हणजे तो हात, आणि त्याचं नाव राखणं आता माझ्याकडे आलं. मी वचन दिलं. कुणाकडे चहाला गेलो की मी आधीच उठून यांचा कप स्वतः भरायची, अर्धाच, म्हणजे सांडणार नाही. कुणाला काही कळलं नाही. मला त्याचा अभिमानही वाटायचा.

त्या हिवाळ्याआधीच्या मे महिन्यात इटलीतल्या सिसिली बेटावर गेलो ते ज्वालामुखीसाठी नाही, त्याच्याभोवती फिरणाऱ्या गाडीसाठी. एटना डोंगराला वळसा घालत जाणारी ही नॅरो गेजची गाडी म्हणजे बऱ्याचदा एकच डबा. त्यात शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, आणि ड्रायव्हरच्या पाठीशी काचेला नाक लावून बसलेले आमचे डॉक्टर. तिकिटावर शिक्का मारायच्या यंत्रात त्यांना तिकीट घालता येईना. मागे रांग थांबली. मी तिकीट हातातून घेऊन घातलं, आणि यांनी हात खिशात घातला. भर उन्हात म्हणाले, "गार आहे नाही जरा?"

गाडी शहर सोडून वर चढायला लागली तशी मी पहिल्यांदाच तक्रार करायची विसरले. दोन्ही बाजूंना काळ्या दगडांच्या भिंती, मध्येच फड्या निवडुंग, पिस्त्याची वाकडी झाडं, मग एकदम नुसता काळा लाव्हा, ढेकळंच ढेकळं, कुणी मोठ्ठं शेत नांगरून जाळून टाकावं तसा. आणि वळणावळणाला तो डोंगर, माथ्यावर धूर घेऊन, कधी या खिडकीत तर कधी त्या.

कॅमेरा माझ्या गळ्यात होता. ट्रायपॉड करून पाहिला होता, पण बटणाला यांचं बोट लागलं की सगळंच थरथरायचं. म्हणून त्यांनी मला शिकवलं. आम्ही एका खेड्यात उतरलो होतो, तिथून रोज चालत रुळांच्या कडेला जायचं. ते उभं कुठे राहायचं ते दाखवायचे, गाडीचा आवाज माझ्याआधी ऐकायचे आणि म्हणायचे, "थांब... थांब... आता!" मी दाबायची. खोटं कशाला बोलू, फोटो सुंदर यायला लागले. मलाही गंमत वाटायला लागली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी लाव्हाच्या शेतात उभे होतो. ऊन उतरलं होतं, डोंगर तांबूस झाला होता. गाडी यायच्या जरा आधी ते म्हणाले, "हा मी काढतो."

मी कॅमेरा दिला. त्यांनी पाठ काळ्या भिंतीला टेकवली, दोन्ही कोपरं बरगड्यांत दाबली आणि श्वास रोखला. सुई घालण्याआधी ते असेच उभे राहत असतील, असं माझ्या मनात आलं. गाडी आली, गेली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर एकाचे दोन डोंगर, आणि गाडीच्या दिव्याची नुसती पिवळी रेघ.

"हलला," मी म्हटलं. "डिलीट करू?"

"राहू दे," ते म्हणाले.

फेब्रुवारीत मंडळाने त्यांचं छोट्या आगगाड्यांवर भाषण ठेवलं. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, मागे बटाटेवडे आणि चहाचं मोठं स्टीलचं पिंप, पुढे पडदा. मी लॅपटॉपवर बसले. हे उजवा हात जॅकेटच्या खिशात घालून बोलले, आणि फार छान बोलले. कुर्डुवाडीपासून सुरुवात केली. पहिलाच फोटो आला तेव्हा टाळ्या पडल्या, तर लगेच म्हणाले, "टाळ्या हिला द्या. फोटो सगळे हिचे. मी फक्त बोट दाखवलं."

लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. हॅरोजवळच्या पिनरमध्ये एवढी वर्षं काढली, पण मी कायम डॉक्टरांची बायको होते. मंडळाच्या कार्यक्रमात माझा भाग म्हणजे पोहे नाहीतर रांगोळी. त्या दिवशी एकेका फोटोला "वा वहिनी!" येत होतं. मी फुगले. हे सांगायला संकोच वाटतो, पण फुगलेच.

शेवटचा फोटो यांनी स्वतः निवडला होता. मी नको म्हटलं होतं, तर म्हणाले, "असू दे एक. कुणाला कळतंय?" एवढ्या फोटोंत एक आपला, नाव न सांगता पडद्यावर यावा, एवढीच त्यांची इच्छा. मला ती कळली होती. हे सगळ्यात वाईट, की मला कळली होती.

पडद्यावर दोन डोंगर आणि पिवळी रेघ आली. पुढच्या रांगेतून आमचे एक जुने स्नेही हसत म्हणाले, "वहिनी, बाकी सगळे सुपर्ब, पण लास्ट वनमध्ये हात हलला हं तुमचा! वड्यांचा वास आला वाटतं!"

हॉल हसला. मीही हसायचं होतं. 'हो हो, भूक लागली होती,' एवढं म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "हा माझा नाही हं! हा यांनी काढलाय."

"डॉक्टरांनी? काहीतरीच काय! डॉक्टरांचा हात कधी हलेल?"

अजूनही वेळ गेली नव्हती. एखादी थाप मारली असती तरी चाललं असतं. एरवी माझं तोंड बंद होत नाही. पण त्या क्षणी मी लॅपटॉपकडे बघत राहिले. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग हात खिशातून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा समोर धरला.

"हलतो," ते म्हणाले. "आता हलतो."

ते स्नेही खुर्चीत पुढे सरकले. शेजारी त्यांची बायको बसली होती. तिच्या सिझेरियनच्या वेळी भूल यांनी दिली होती आणि दर वर्षी मुलाच्या वाढदिवसाला ते दोघं आमच्याकडे पेढे घेऊन येतात. स्नेह्यांनी हळूच विचारलं, "कधीपासून?"

"रिटायर झाल्यावर."

"हो, हो. अर्थात. अर्थातच," ते घाईघाईने म्हणाले, आणि त्यांची बायको मांडीवरची पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागली.

नंतर सत्कार. अध्यक्षीणबाईंनी यांच्या खांद्यावर शाल घातली. मग वेम्बलीच्या भारतीय दुकानातून आणलेला, कुंकू लावलेला नारळ उचलला. यांनी दोन्ही हात पुढे केले. बाईंनी त्या हातांकडे पाहिलं, घुटमळल्या, आणि फार मायेने, फार समजूतदारपणे, माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुम्ही धरता का?"

मी धरला. त्यांचे हात तसेच पुढे राहिले, मग खाली गेले. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते त्या हॉलच्या गुळगुळीत फरशीवर उभी राहून मला पहिल्यांदा कळलं.

चहाच्या टेबलापाशी कुणीतरी तत्परतेने यांना कप आणून दिला. अर्धा भरलेला.

गाडी मी चालवली. नारळ मागच्या सीटवर इकडून तिकडे घरंगळत होता. घर येईस्तोवर मी तीनदा तरी "अहो" एवढंच म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "त्याने विचारलं त्यात त्याची चूक नाही. मीही विचारलं असतं. पण तुला ग काय घाई होती? एक वाईट फोटो तुझ्या नावावर राहिला असता तर काय बिघडलं असतं?"

मागच्या सीटवरचा नारळ उचलून मी त्यांच्या मागोमाग घरात गेले.

तेव्हापासून मंडळी आमच्याशी फार चांगली वागतात. कुणी कंपवातावर खाजकुयलीच्या चूर्णाची लिंक पाठवतं, कुणी योगासनांची. कुणाच्याही घरी गेलं तरी यांचा कप अर्धाच येतो, मला उठावं लागत नाही. मुलाच्या वाढदिवसाचे पेढे याही वर्षी आले, फक्त स्नेही स्वतः आले नाहीत, मुलाच्या हाती पाठवले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी चहा टाकला आणि सवयीने यांचा कप अर्धा भरून पुढे ठेवला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"पूर्ण भर."

"अहो, सांडेल."

"सांडू दे. घरी तरी पूर्ण भर."

मी भरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. चहा बशीत सांडला, टेबलावर सांडला, नव्या शालीवर सांडला. मी फडकं घेऊन उठले, तर ते म्हणाले, "बस. मी पुसतो." मग कप खाली ठेवून त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं आणि हळूहळू टेबल पुसलं, आणि मी बसून राहिले.