गायरानातला चश्मा

किस्से सांगा म्हणून माझ्या मागं लागू नका, हे लई वेळा सांगून झालं. ऐकतं कोण? माती तपासायला आयुष्यभर खड्डे खणले. खड्डे बुजले, किस्से तेवढे साठत गेले. घ्या मग!

औरंगाबादच्या ऑफिसातून आम्ही तिघं सिल्लोडकडच्या एका गावात गेलो. पुण्याचे दामले साहेब, मोजणीची साखळी धरणारे रहीमचाचा आणि खड्डे खणणारा मी. गावच्या जमिनीचा नकाशा रंगवायचा होता. पिकाला हिरवा, चराईला पिवळा, निकामीला लाल. साहेब गायरान लाल करायला निघाले. लाल झालं की ते खडी मशीनला जाणार!

तिथं शेळ्या चारणारी जनाबाई आडवी आली. "निकामी कसं? भर वैशाखात त्या कोपऱ्यात गवत हिरवं असतंय. माझ्या शेळ्यांना इचारा!"

साहेब म्हणाले, "शेळ्यांची सही आणा."

"आणते की! तुमच्या सहीपरीस बरी वाचता यील."

रहीमचाचांची तऱ्हाच न्यारी. चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे, थुंकायचे अन् सांगायचे, "खारी हाय. पाणी जास्त दिलं तर कापूस जळंल."

पुढं लॅबचा रिपोर्ट आला. तेच! साहेब म्हणाले, "चाचा, मशीन विकून टाकू का?"

"राहू द्या साहब. मी पान खाल्लं की मशीनच लागतं!"

मी त्या जिभेकडं बघतच राहायचो.

मग निजामाच्या वेळचा उर्दू नकाशा निघाला. गायरानाच्या त्याच कोपऱ्यावर बोट ठेवून चाचांनी वाचलं, "चश्मा."

"कुणाचा हरवला?" साहेब खो खो हसले.

मी म्हणालो, "साहेब, चश्मा म्हंजे झरा."

"चौथी नापास माणसा, तू मला शिकवणार? गप खण!"

खणलं. कमरेइतकं खाली गेलो, तरी कोरडा मुरूम. साहेबांनी लाल पेन्सिल काढली. तेवढ्यात माझी पहार एका दगडाखाली गेली, दगड हलला... आणि पाणी! गार, काचंसारखं, बुडबुडत वर आलं. पाय भिजले तरी मला वर यायचं सुचंना. चाचांनी थेंबभर पाणी जिभेवर ठेवलं. जनाबाईनं हात जोडले.

साहेब बुटासकट खड्ड्यात उतरले. डोळ्यांवरचा चश्मा काढला, त्या पाण्यात धुतला, परत घातला अन् गायरान पिवळं केलं.

माझी माफी मात्र अजून मागायचीय त्या दामल्यानं!